चोर सोडून सेन्सरला फाशी

पिवळा दिवा लागला, स्कॅनर जोडला, कोड आला, पार्ट बदलला. या चार पायऱ्यांना आपल्याकडे हल्ली ‘डायग्नोसिस’ म्हणतात. अमरावतीत बडनेरा रोडवर म्हणतात, अकोल्यात एमआयडीसीकडे म्हणतात, पुण्या-मुंबईच्या काचेच्या शोरूममध्ये तर कॉफी पाजून म्हणतात. माझं म्हणणं असं, की या चार पायऱ्यांत निदान कुठेच नाही. ताप आला, थर्मामीटरने १०३ दाखवला, डॉक्टरांनी थर्मामीटर बदलला आणि पाच हजारांचं बिल दिलं, तर तुम्ही काय कराल? गाडीच्या बाबतीत आपण ते बिल भरतो आणि वर फीडबॅकच्या फॉर्मवर दहापैकी दहा देतो.

हा थर्मामीटर म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. सायलेन्सरच्या वाटेत स्पार्क प्लगसारखा घट्ट पिळून बसवलेला, चार वायरींचा, अंगठ्याएवढा तुकडा. धुरात ऑक्सिजन किती उरलाय एवढं सांगायचं, बाकी कुणाच्या अध्यात ना मध्यात. गाडीत दुसरीकडे कुठेही काही बिघडलं, की ओरडतो हाच. म्हणून फाशीही यालाच.

मी सॉफ्टवेअरवाला. दिवसभर लॉग वाचणं हा माझा पोटाचा धंदा. आमच्याकडे रात्री दोन वाजता सर्व्हर पडतो आणि लॉगमध्ये ओळ येते, ‘डेटाबेसकडून उत्तर नाही’. आता एखाद्या पोराने यावर ‘नवीन डेटाबेस घेऊ’ असं म्हटलं, तर त्याला आम्ही हसणार नाही, पण कोपऱ्यात नेऊन समजावू, की बाबा रे, ओळ कुणी लिहिली ते आधी बघ. डेटाबेस पडला असेल, नेटवर्क तुटलं असेल, किंवा तुझ्याच कोडने त्याला दहा हजार प्रश्न एकदम विचारले असतील. लॉगची ओळ म्हणजे साक्षीदाराचा जबाब. निकाल वेगळा. हे आम्हाला पहिल्या वर्षभरात शिकवतात, कारण शिकलो नाही तर कंपनीचे पैसे जातात. गाडीच्या धंद्यात हे न शिकल्याने कंपनीला पैसे मिळतात. दोन धंद्यांतला हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

आधी हा सेन्सर काय करतो ते नीट बघू, कारण त्याच्यावरचा अन्याय समजायला त्याचं काम समजावं लागतं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा जास्त झाली तर मिश्रण ‘लीन’, पेट्रोल जास्त झालं तर ‘रिच’. सेन्सरच्या टोकाला झिर्कोनियाची सिरॅमिकची टोपी असते. तिच्या एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला इंजिनातला धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये फरक असला, की साधारण तीनशे अंशांच्या वर तापलेली ही टोपी बारीकसा व्होल्टेज तयार करते. धुरात ऑक्सिजन भरपूर, तर ०.१ व्होल्टच्या आसपास; ऑक्सिजन जवळजवळ संपलेला, तर ०.९ च्या आसपास. इंजिनाचा कॉम्प्युटर हे बघून पेट्रोल थोडं वाढवतो, थोडं कमी करतो, आणि धडधाकट सेन्सरचा आकडा सतत खाली-वर नाचत राहतो. (नव्या काही गाड्यांत याचा वाइडबँड नावाचा थोरला भाऊ असतो. तो व्होल्टेज असा नाचवत नाही, विजेच्या प्रवाहातून नेमकं प्रमाण सांगतो. त्याला जुन्या भावाची परीक्षा लावायची नाही.)

यामागचं गणित वॉल्थर नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाचं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी केमिस्ट्रीत हे समीकरण आम्ही सगळ्यांनी पाठ केलं, पाच मार्कांना लिहिलं आणि विसरलो. तिसऱ्या वर्षी ‘क्लोज्ड लूप कंट्रोल’चे चौकोन आणि बाण काढले. कॉलेजच्या पार्किंगमध्ये तेव्हा निदान पन्नास क्लोज्ड लूप उन्हात उभे होते. त्यातला एकही कुणी उघडून दाखवला नाही.

गाडीत हा सेन्सर १९७६ साली आला. बॉशने तयार केला, स्वीडनच्या व्होल्वोने अमेरिकेत विकायच्या गाड्यांत बसवला. कारण होतं कॅलिफोर्नियातलं धुरकं आणि तिथले कडक नियम. पुढे १९९६पासून अमेरिकेत ओबीडी-२ सक्तीचं झालं, म्हणजे गाडीने स्वतःच्या प्रदूषण यंत्रणेवर स्वतः नजर ठेवायची आणि बिघाड ठरावीक कोडमध्ये नोंदवायचा. भारतात हे टप्प्याटप्प्याने २०१० ते २०१३ दरम्यान आलं. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ आल्यावर दुचाकीसुद्धा फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. कार नाही म्हणून हा लेख आपला नाही असं वाटत असेल, तर २०२०नंतर घेतलेल्या आपल्या बाइकच्या सायलेन्सरच्या पाइपवर एकदा वाकून बघा. तिथेही हेच साहेब बसलेले दिसतील.

हा इतिहास सांगायचं कारण, हे कोड जन्मले ते धुरावर पाळत ठेवण्यासाठी. कोणता पार्ट विकायचा हे सांगायला ते कधीच बनवले नव्हते. पी०१७१ हा कोड घ्या. त्याचा अर्थ फक्त एवढाच, की कॉम्प्युटरला बराच काळ ठरल्यापेक्षा जास्त पेट्रोल टाकावं लागतंय, कारण सेन्सर सारखा ‘ऑक्सिजन उरतोय, ऑक्सिजन उरतोय’ म्हणतोय. ‘सेन्सर खराब’ हे शब्द त्या कोडमध्ये नाहीत. पी०१३० ते पी०१३५ या कोडांत सेन्सरचं नाव येतं, पण तिथेसुद्धा आरोप असतो तो सर्किटवर. वायर, कनेक्टर, फ्यूज, अर्थिंग आणि मग शेवटी सेन्सर.

आता मामाची गोष्ट सांगतो. मामा अकोल्याचा, शाळेतून रिटायर झालेला. २०१८ची पेट्रोल गाडी. महिन्यातून दोन-तीनदा अकोला ते अमरावती. हा तोच रस्ता, ज्याच्या ७५ किलोमीटरवर जून २०२२मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबर टाकून गिनेस विक्रम झाला. विक्रमी रस्त्यावर मामाच्या गाडीचं अॅव्हरेज मात्र महिन्याभरात अठरावरून चौदावर आलं आणि एक दिवस पिवळा दिवा लागला. एका वर्कशॉपमध्ये गाडी गेली. कोड पी०१७१. अॅडव्हायझरने टॅबवर दाखवलं, ‘सर, ओटू सेन्सर गेला’. सेन्सर, मजुरी, ‘इंजिन डीकार्ब’ नावाची न मागितलेली फवारणी आणि टॅक्स मिळून बिल सात हजार एकशे काहीतरी. दिवा गेला. मामा खूश.

हा आकडा वऱ्हाडात काय असतो ते सांगायला हवं. २०२४-२५च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,१२१ रुपये होता. मामाकडे अजून चार एकर आहे, त्यामुळे हा हिशेब त्याने स्वतःच केला, बोटांवर. एक सेन्सर म्हणजे एक क्विंटल कापूस, तोही हमीभाव मिळाला तर.

अकराव्या दिवशी दिवा परत लागला.

दिवा गेला होता तो सेन्सर बदलल्यामुळे नव्हे. कोड पुसल्यामुळे गेला होता. कोड पुसला की कॉम्प्युटर शिकलेलं सगळं विसरतो, शून्यापासून मोजायला लागतो. बिघाड पुन्हा मुरायला आणि दोन-तीन फेऱ्यांत सिद्ध व्हायला दिवस लागतात. तोवर वर्कशॉपचं बिल निघालेलं असतं आणि गिऱ्हाइकाची खात्री पटलेली असते. याहून वाईट म्हणजे, पहिला कोड पडतो तेव्हा गाडी त्या क्षणाचा एक फोटो काढून ठेवते. ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणतात त्याला. इंजिन किती फेऱ्यांवर होतं, किती तापलेलं होतं, भार किती, पेट्रोल किती टक्के वाढवलेलं. कोड पुसला की तोही जातो. पंचनामा करायच्या आधी घटनास्थळ फिनाइलने धुऊन काढायचं आणि मग संन्याशाला उचलायचं, अशी ही तपासाची पद्धत.

दुसऱ्यांदा दिवा लागला तेव्हा मामाबरोबर मी होतो. मूर्तिजापूरच्या अलीकडे एक गॅरेज आहे. पत्र्याचं शेड, समोर कडुनिंब, बाजूला रसवंती. मिस्त्री पन्नाशीचे. त्यांच्याकडेही स्कॅनर होता, इन्सुलेशन टेपने बांधलेला. पण कोड वाचून त्यांनी तो बाजूला ठेवला नाही, लाइव्ह डेटा उघडला. आयडलला गाडी बावीस टक्के जास्त पेट्रोल टाकत होती. अॅक्सिलरेटर धरून अडीच हजार फेऱ्यांवर नेली, तर आकडा सहावर आला. मिस्त्रींनी मान हलवली आणि म्हणाले, “गुरुजी, थंडी होऊ द्या गाडी. चहा घ्या.”

हा जो आकडा बावीसवरून सहावर आला, त्यात खरं तर अर्धं निदान झालं होतं. पंप किंवा फिल्टर कमजोर असता, तर पेट्रोलची मागणी वाढल्यावर, म्हणजे भार आल्यावर, आकडा चढायला हवा होता. इथे तो उतरला. म्हणजे कुठूनतरी थोडीशी, ठरावीक हवा घुसतेय. आयडलला इंजिन कमी श्वास घेतं तेव्हा ती चोरटी हवा मोठी वाटते. इंजिन जोरात श्वास घ्यायला लागलं, की तिचा हिस्सा छोटा होतो. एवढा तर्क करायला वर्कशॉपच्या लाखोंच्या मशीनला दोन मिनिटं लागली असती. मशीनला कुणी विचारलं नाही.

गाडी निवल्यावर मिस्त्रींनी ती चालू केली, पोराला सायलेन्सरच्या तोंडाशी ओला फडका हलकासा दाबून धरायला सांगितला आणि बाटलीतलं साबणाचं पाणी पाइपांच्या सांध्यांवर मारलं. मॅनिफोल्डच्या खाली, सेन्सरच्या जेमतेम वीतभर आधी, फ्लँजच्या गॅस्केटपाशी बुडबुडे आले. सांध्यावर काजळीची रेघही होती. धूर बाहेर पडताना ठोक्याठोक्याने पडतो. दोन ठोक्यांच्या मध्ये क्षणभर पाइपात ओढ तयार होते आणि फटीतून बाहेरची हवा आत येते. ती थेट सेन्सरच्या नाकाखाली. मग सेन्सर सांगतो, ऑक्सिजन आहे. कॉम्प्युटर म्हणतो, पेट्रोल वाढव. प्रत्यक्षात इंजिनात मिश्रण ठीक होतं, ते आता खरोखर रिच झालं. अॅव्हरेज पडलं ते असं.

मामाने विचारलं, “मंग सेन्सर खराब नोता?”

“थो तं खरं बोलून रायला होता गुरुजी,” मिस्त्री म्हणाले. “त्याच्या नाकापुढं हवा येऊन रायली, तं थो हवाच सांगन ना! नवा बसवला, थो बी तेच सांगून रायला.”

गॅस्केट, दोन नटबोल्ट आणि मजुरी मिळून सहाशे पन्नास. इथे एक गोष्ट नोंदवतो, मामाची माफी मागून. एसीत बसून सात हजार निमूट भरणाऱ्या मामाने इथे पन्नास रुपयांसाठी घासाघीस केली. “गॅस्केट तं दोनशेचंच आहे, बाकी केलं काय तुमी?” असं विचारलं. मिस्त्रींनी सहाशे घेतले.

वर्कशॉपला शिव्या घालणं सोपं आहे, पण त्यांचा बचावही ऐकून घेऊ. ते म्हणतात, गिऱ्हाईक शोधायचे पैसे देत नाही, पार्टचे देतं. हे खरं आहे. ‘एक तास तपासणी, पाचशे रुपये’ असं बिलावर लिहिलं तर आपण भांडतो, ‘काहीच तर बदललं नाही.’ खोक्यातून काहीतरी चकचकीत निघालं, जुनं काहीतरी काळं बाहेर पडलं, की आपल्याला पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. वर्कशॉपने आपली ही सवय ओळखली आणि तिच्यावर महिन्याचं टार्गेट बसवलं. मला हा बचाव पटतो आणि तरीही पुरत नाही. पेशंट गोळी मागतो म्हणून निदान न करता गोळी देणाऱ्याला आपण डॉक्टर म्हणत नाही.

आणि हो, सेन्सर खरोखर मरतातही. मी त्यांच्या अमरत्वाची वकिली करत नाही. आतला हीटर तुटतो. हीटरला बारा व्होल्ट पोचतायत, फ्यूज शाबूत आहे आणि मल्टिमीटरने मोजलं तर हीटरचं सर्किटच उघडं आहे, म्हणजे गेला. बदला, आनंदाने बदला. इंजिन ऑइल जळत असेल तर टोपीवर थर बसतो. चुकीचं सिलिकॉन सीलंट वापरलं तर त्याच्या वाफेने सेन्सर विषबाधा झाल्यासारखा मंद होतो. १ फेब्रुवारी २०००पासून देशात शिशाचं पेट्रोल बंद झालं नसतं, तर हे सेन्सर इथे टिकलेच नसते, शिसं त्यांचं मोठं विष. म्हाताराही होतो तो. आकडा नाचवतो, पण आळसावून. हे सगळं मोजता येतं. जुन्या पद्धतीच्या सेन्सरसमोर मुद्दाम मिश्रण रिच करा, इनटेकमध्ये थोडा कार्ब क्लीनर मारून. आकडा झटकन ०.८च्या वर जायला हवा. मग एखादी व्हॅक्यूमची नळी काढा. तो झटकन खाली यायला हवा. दोन्हीकडे पळाला तर साक्षीदार शुद्धीवर आहे, त्याचा जबाब गंभीरपणे घ्या. हे करायला दहा मिनिटं लागतात. उंदराने वायर कुरतडलीय का हे बघायला दोन. आमच्याकडे सोयाबीन-कापूस घरात आला की उंदीरही येतात, आणि गाडीची वायर त्यांना काय गोड लागते कोण जाणे.

सध्या वऱ्हाडात दुसरा संन्यासीही तयार झालाय, ई-२० पेट्रोल. काहीही झालं की ‘इथेनॉलनं केलं’. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे ई-२०चं योग्य प्रमाण १४.७ऐवजी साडेतेराच्या आसपास येतं. ई-१०साठी जुळवलेल्या गाडीला त्यामुळे साधारण चार टक्के पेट्रोल वाढवावं लागतं. हे वाढवायला सांगतो कोण? हाच सेन्सर. आता गाडीत आधीच छोटी गळती असेल आणि आकडा सतरा-अठरावर टेकलेला असेल, तर हे चार टक्के त्याला रेघेपलीकडे ढकलू शकतात आणि दिवा लागतो. उंटाच्या पाठीवरची शेवटची काडी इथेनॉलची असेलही, पण आधीचा भारा कुणाचा, हे विचारायला नको? ई-२०बद्दल सरकारला विचारायचे प्रश्न बरेच आहेत, जुन्या गाड्यांच्या रबराचे आहेत, अॅव्हरेजचे आहेत. ते पुराव्यानिशी विचारायचे तर आधी आपली गळती शोधावी लागेल.

आता माझ्या पिढीकडे येतो, म्हणजे तुमच्याकडे. ‘ही लाइट घरबसल्या घालवा’ छापाचे रील तुम्ही पाहिलेच असतील. पाचशे-हजाराचा ब्लूटूथ डोंगल, फोनवर अॅप, ‘क्लिअर’ बटण, संपला विषय. डोंगल घ्या, जरूर घ्या, पण क्लिअर हे त्यातलं सर्वात निरुपयोगी बटण आहे. त्याहून वाईट रील आहेत सेन्सरला फसवायची. पाइपात लांब अडॅप्टर लावून सेन्सर धुरापासून दूर न्यायचा, किंवा वायरीत रेझिस्टर जोडून खोटा सिग्नल द्यायचा. खाली दोन लाख लाइक. रामायणात बिभीषण रावणाला सांगतो, दूताला मारू नये. रावणाने ऐकलं, पण निम्मं. शेपटीला आग लावली. पुढे लंकेचं काय झालं ते माहीत आहे. रिच मिश्रणावर गाडी चालत राहिली तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो लालबुंद तापतो आणि आतली जाळी वितळते. तिच्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. तीनशे रुपये वाचवणाऱ्या रीलचं बिल तिथे येतं.

गाडीवाल्याचं काय व्हायचं ते होवो, तो धूर राजकमल चौकात सिग्नलला थांबलेल्या स्कूटीवरच्या बाईच्या नाकात जातो. पीयूसी तपासणीच्या नियमांत बीएस-४पासूनच्या पेट्रोल गाड्यांसाठी लॅम्डासुद्धा मोजायचा असतो, तो एकच्या तीन शतांश इकडेतिकडे हवा. म्हणजे कायद्याने सेन्सरचीच भाषा स्वीकारलीय. नळी सायलेन्सरमध्ये नीट घालून, इंजिन तापवून, वाढीव फेऱ्यांवर ती कितीदा मोजली जाते, हे तुम्ही शेवटचं पीयूसी काढलं तेव्हा काय पाहिलं ते आठवून स्वतःच ठरवा.

पण माझा खरा राग मिस्त्रींच्या त्या टेप लावलेल्या स्कॅनरवर आहे, म्हणजे तो तसा का आहे यावर. पी-शून्याने सुरू होणारे कोड सगळ्या जगात सारखे असतात. त्यापलीकडचे कंपनीचे स्वतःचे कोड, सर्किटचे नकाशे, ‘हा कोड आला तर या क्रमाने तपासा’ अशी पानं, हे कंपनीच्या कुलपात. मिस्त्रींनी तीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या, त्यांना ती पानं मिळत नाहीत. ज्या अॅडव्हायझरकडे ती आहेत, तो उघडत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा कार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटींचा दंड ठोठावला, तो याच गोष्टीसाठी. सुटे भाग, निदानाची साधनं आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं हा बाजारावरचा अन्याय आहे, असं आयोगाने म्हटलं आणि ते सगळं खुलं करायला सांगितलं. पुढे अपिलं, कोर्ट, तारखा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली यासाठी चक्क कायदा झाला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. पोर्टलवर गाड्या आहेत, ट्रॅक्टर आहेत. मूर्तिजापूरच्या शेडपर्यंत नकाशाचं एक पान पोचलेलं मी पाहिलं नाही.

यावर एक हळवं उत्तर तयार असतं, ‘जुने मिस्त्रीच भारी, कानाने ओळखायचे.’ मला ते आवडत नाही. मूर्तिजापूर हे शकुंतला रेल्वेचं जंक्शन. तिथे मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ ते १९९४ धावलं, सत्तर वर्षं. ते धावू शकलं, कारण त्याचा बिघाड दिसत होता, ऐकू येत होता, आणि हातोडीच्या टप्प्यात होता. आजच्या गाडीतला ०.४५ व्होल्ट कानाला ऐकू येत नाही. तो दाखवायला मशीन लागतं, मशीनला माहिती लागते, आणि माहिती वाचायला भाषा. मिस्त्रींच्या स्कॅनरवर सगळं इंग्रजीत. ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ या चार शब्दांचा अर्थ त्यांनी कुठे वाचला नाही, आकडे बघत बघत दहा वर्षांत स्वतः काढला. ते त्याला ‘गाडीची उधारी’ म्हणतात: इंजिनाला रोजच्यापेक्षा किती पेट्रोल जास्त घ्यावं लागतंय त्याचा हिशेब. यापेक्षा चांगली व्याख्या मी इंग्रजीतही वाचलेली नाही. आयटीआयच्या पोराला हा शब्द पहिल्या दिवशी मिळाला, तर त्याची दहा वर्षं वाचतील. आम्ही वऱ्हाडातून दरवर्षी हजारोंनी इंजिनिअर पुण्याला पाठवतो. त्यातले पाचजण बसले तर दोन सुट्ट्यांत हे कोड मराठीत, तपासायच्या क्रमासकट, फोनवर मोफत ठेवता येतील. मी माझ्यापुरते पन्नास कोड लिहायला घेतलेत. ‘लीन’ला मिस्त्री ‘सुकी’ म्हणतात आणि ‘रिच’ला ‘ओली’. तेच शब्द ठेवलेत.

तोवर तुमच्यापुरतं एवढं करा. कोड पुसू देऊ नका, आधी फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट मागा. आयडलला आणि अडीच हजारावर पेट्रोलची उधारी किती आहे ते समोर उभं राहून बघा. सेन्सर बदलायचा म्हणाले तर विचारा, कोणत्या तपासणीत नापास झाला? तपासणीचे वेगळे पैसे मागितले तर कुरकूर न करता द्या. आणि बदललाच, तर जुना पार्ट घरी मागून आणा.

मामाने आणला होता. वर्तमानपत्रात गुंडाळून, डिकीत, स्टेपनीच्या बाजूला. दिवाळीत अकोल्याला गेलो तेव्हा अंगणात तो शिकंज्यात धरला, सिग्नलच्या दोन वायरींना मल्टिमीटर लावला आणि प्लंबरच्या गॅस टॉर्चने टोक तापवलं. मिनिटभर काहीच नाही. मग आकडा हलला, ०.३, ०.६, ०.८४. ज्योत बाजूला घेतली, झपकन खाली. परत धरली, परत वर. मामेभावाने व्हिडिओ काढला. मामा चष्मा वर करून बराच वेळ मीटरकडे बघत राहिला, मग म्हणाला, “हा तं ठणठणीत आहे रे.” आणि सेन्सर थंड झाल्यावर त्याने तो पुसून, त्याच वर्तमानपत्रात गुंडाळून, वर्कशॉपचं बिल ठेवलेल्या फायलीत ठेवून दिला.